दगडी भिंतीने किनारा वाचतो?

“समुद्राला दगडी भिंत घातली की गाव वाचलं,” हे कारवारकडे सोयरीक असलेली आमच्या बेळगाव-खानापुरातली माणसं कायम सांगतात. ते अर्धंच खरं आहे. भिंतीवर आपटून परतणारी लाट पायथ्याची वाळू ओढून नेते आणि भिंत संपते तिथून पुढचा किनारा जास्त झिजतो. १९०१ ते २०१८ या काळात जगात समुद्र सरासरी २० सेंटिमीटर वर आलाय, म्हणजे हा झगडा लांबणार.

किनाऱ्याला वाळू पुरवतात त्या नद्या. कारवारजवळ समुद्राला मिळणाऱ्या काळी नदीवरचं सुपा धरण गाळ अडवतं, वर वाळूउपसा! आधी तो थांबवा, खारफुटी राखा, नवी घरं मागे सरकवून बांधा. कारवारच्या दक्षिणेला, कुमट्याजवळ अघनाशिनी नदीच्या खाडीकाठी खारं पाणी सोसणारं ‘कग्गा’ भात पिकतं. ते बियाणं जपणं मला भिंतीपेक्षा निकडीचं वाटतं.