प्राणिप्लवक संवर्धनातील जीवाणू व खाद्य
मासे आणि कोळंबी यांच्या डिंभांना (नवजात पिल्लांना) जिवंत खाद्य म्हणून देण्यासाठी रोटिफर, आर्टेमिया, मोइना, कोपेपॉड इत्यादी प्राणिप्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी) टाक्यांत वाढवितात. त्यांना घातलेले खाद्य आणि त्याच पाण्यात आपोआप वाढणारे जीवाणू यांचा संबंध येथे विचारात घेतला आहे.

सर्वाधिक अभ्यास ब्रॅकिओनस प्लिकॅटिलिस या रोटिफरचा झाला. ओ. एफ. म्यूलर यांनी १७८६ मध्ये त्याचे वर्णन केले. जपानमधील ईल माशांच्या तळ्यांत हा प्राणी शैवल फस्त करून हिरवे पाणी नितळ करी, म्हणून तो उपद्रवी मानला जाई. १९६० च्या सुमारास ताकाशी इतो यांनी त्याचे संवर्धन करून तो डिंभांना खाद्य म्हणून वापरला. पूर्वी 'एल' (मोठा) व 'एस' (लहान) म्हणून ओळखले जाणारे त्याचे आकारभेद प्रत्यक्षात निरनिराळ्या जाती आहेत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक अभ्यासात या गटात १५ जाती धरल्या आहेत. त्यामुळे जुन्या प्रयोगांतील भक्षणाचे आकडे नेमके कोणत्या जातीचे, हे पाहूनच वापरावेत.

रोटिफर डोक्यावरील केसलांच्या (केसांसारख्या सूक्ष्म तंतूंच्या) वलयाने पाण्याचा प्रवाह तोंडाकडे ओढतो आणि आलेले कण मॅस्टॅक्स या स्नायुमय अवयवातील जबड्यांनी भरडतो. साधारणतः २ ते २० मायक्रोमीटरचे कण त्याला चांगले पकडता येतात. नॅनोक्लोरोप्सिस हे शैवल आणि बेकरीतील यीस्ट या मर्यादेत बसतात. सुटे जीवाणू बहुधा १ मायक्रोमीटरच्या आसपास किंवा त्याहून लहान असतात.

म्हणूनच जीवाणू हे रोटिफरचे अन्न आहे काय, हा प्रश्न दीर्घकाळ चर्चेत राहिला. आतड्यात जीवाणू सापडतात, म्हणून ते अन्नच होय, असे एक मत. दुसऱ्या मतानुसार सुटे जीवाणू बरेचसे निसटतात. कणांना चिकटलेले किंवा पुंजक्यांतले तेवढे गिळले जातात. यीस्टवरील प्रयोग या संदर्भात महत्त्वाचे आहेत. यीस्टमध्ये ब-१२ जीवनसत्त्व नसते. केवळ यीस्टवर वाढविलेल्या रोटिफरांना ते बाहेरून दिले, किंवा ते तयार करणारे जीवाणू पाण्यात असले, तर वाढ सुधारते. यावरून जीवाणूंचे महत्त्व पोटभरीपेक्षा पूरक पोषणात अधिक असावे, हे मत जास्त सयुक्तिक वाटते. डिंभांना लागणारी ईपीए व डीएचए ही ओमेगा-३ मेदाम्ले मात्र सामान्य जीवाणूंकडून पुरेशी मिळत नाहीत. ती शैवलांतून किंवा तेलाच्या पायसांतून (पाण्यात मिसळलेल्या सूक्ष्म तेलथेंबांतून) द्यावी लागतात.

डॅफ्निया (पाणपिसू), मोइना यांची अन्नकण गाळण्याची चाळण अधिक बारीक असल्याने त्यांना जीवाणू गाळता येतात. परंतु अशा कवचधारी (क्रस्टेशियन) प्राण्यांना स्टेरॉल (कोलेस्टेरॉलसारखा मेदघटक) स्वतः बनविता येत नाही आणि बहुतेक जीवाणूंत ते नसते; म्हणून नुसत्या जीवाणूंवर त्यांचे संवर्धन टिकत नाही. कोपेपॉडांपर्यंत जीवाणूंतील पोषण मुख्यतः केसलधारी आदिजीवांमार्फत पोचते.

आर्टेमियाची गोष्ट वेगळी. तिच्या सुप्त अंड्याचे (सिस्टचे) कवच फुटताना आत साठलेले ग्लिसरॉल पाण्यात मिसळते आणि त्यावर व्हिब्रिओ जीवाणू झपाट्याने वाढतात. पहिल्या अवस्थेतील नॉप्लियस (अंड्यातून नुकतेच निघालेले पिल्लू) काही खात नाही, तरी त्याच्या अंगावर ते बसतातच. म्हणून पिल्ले काढल्यावर ती स्वच्छ पाण्याने भरपूर धुवावीत. हा टप्पा कधीही टाळू नये.

रोटिफर टाकीत धोका बहुधा जास्त खाद्यातून सुरू होतो. न खाल्लेले यीस्ट कुजते, विरघळलेले सेंद्रिय पदार्थ वाढतात, ऑक्सिजन घटतो आणि झपाट्याने वाढणारे संधिसाधू जीवाणू वरचढ होतात. व्हिब्रिओ अल्जिनोलिटिकसच्या काही वाणांमुळे संवर्धने कोसळल्याची नोंद आहे. पिपेटमधील थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास हे आधीच कळू शकते. निरोगी मादी सरळ पोहते, तिचे आतडे शैवलाने हिरवे असते आणि मागे अंडी लटकलेली असतात. बिघडत्या टाकीत अंडीवाल्या माद्या कमी होतात, प्राणी एका जागी गिरक्या घेतात, पाण्यावर फेस धरतो आणि तपकिरी गुठळ्या तरंगतात. अशा वेळी खाद्य वाढविणे ही घातक चूक ठरते.

सरसकट निर्जंतुकीकरण हा खात्रीचा उपाय नाही. जीवाणू नाहीसे झालेल्या पाण्यात आधी संधिसाधू जीवाणूच शिरतात. १९९० च्या दशकात नॉर्वेतील संशोधकांनी पाणी जैवगाळणीतून (जीवाणूंचा थर असलेल्या गाळणीतून) नेऊन सावकाश वाढणाऱ्या जीवाणूंचे 'परिपक्व पाणी' वापरण्याचा मार्ग पुढे आणला. त्यात जीवाणूंच्या एकूण संख्येपेक्षा त्यांच्या प्रकाराला महत्त्व दिले जाते. रोटिफर संवर्धनात लॅक्टिक अम्ल जीवाणू मिसळण्याचे प्रयोगही झाले आहेत.