सहा चिन्हं, हजारो तुकडे आणि एक कबर : ‘कॉरिडॉर्स ऑफ टाइम’च्या कोड्यामागची गोष्ट

१४ जानेवारी २०२० हा मंगळवार होता. ‘डेस्टिनी २’ या अंतराळात घडणाऱ्या ऑनलाइन व्हिडिओ गेमचा आठवडा मंगळवारीच बदलतो. हिवाळ्यात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा सकाळचे नऊ वाजलेले असतात आणि आपल्याकडे रात्रीचे साडेदहा. इथे भोगीची भाजी-भाकरी उरकून घरोघरी दुसऱ्या दिवशीच्या तिळगुळाची तयारी चालली होती, तेव्हा तिकडे या खेळात ‘कॉरिडॉर्स ऑफ टाइम’ नावाचा भुलभुलैया उघडला. तो सुटायला सहा दिवस लागले आणि तो कुणा एकाने सोडवला नाही. एकट्याला सुटणारच नाही, अशीच त्याची रचना होती. हे अचानक सुचलेलं नव्हतं. त्याच्या मागे जवळपास सोळा वर्षांचा इतिहास आहे.

आधी कोडं समजून घेऊ. खेळाडू एका दालनात उभा राहतो. समोर वाटा, आणि प्रत्येक वाटेवर एक चिन्ह. चिन्हं सहाच : चौकट, किलवर, षटकोन, अधिक, साप आणि सहावं म्हणजे कोरी जागा. ठरावीक क्रमाने वाटा निवडत गेलं तरच शेवटचं दार उघडतं, नाहीतर परत पहिल्या दालनात. सुरुवातीला अशा १९ वाटा सापडल्या आणि त्यांतून कथेची १९ पानं हाती आली. पुढचा टप्पा खरा होता. आता खेळाडूला सात चिन्हांची स्वतःची वाट मिळाली. शेजारच्याची वाट वेगळी, त्याच्या शेजारच्याची आणखी वेगळी.

ती वाट संपते तिथे एक कबर आहे. ती खेळाडूच्याच पात्राची आहे, आणि तिथे सेंट-१४ नावाचा योद्धा त्याला निरोप देतो. याची गंमत कळायला मागची कथा माहीत हवी. २०१७मध्ये आलेल्या भागात खेळाडूंना या सेंट-१४चाच मृतदेह सापडला होता. डिसेंबर २०१९मध्ये सुरू झालेल्या ‘सीझन ऑफ डॉन’ या पर्वात त्यांनी काळात मागे जाऊन त्याला वाचवलं. म्हणजे ज्याच्या कबरीपाशी आपण उभे राहिलो होतो, तो आता आपल्या कबरीपाशी उभा. कोड्याच्या शेवटी निव्वळ आकडेमोड न ठेवता असा क्षण ठेवणं, हे मला लिहिणाऱ्यांचं मोठं काम वाटतं.

आणि त्या कबरीपाशीच एक षटकोन दिसतो. मधोमध एक चिन्ह, सहा बाजू, काही बाजू उघड्या तर काही बंद, आणि प्रत्येक बाजूला सात चिन्हांची ओळ. हा तुमचा तुकडा. ज्या दुसऱ्या तुकड्याच्या बाजूवर हीच सात चिन्हं याच क्रमाने असतील, तो तुमचा शेजारी. असे हजारो तुकडे जोडले की एक प्रचंड नकाशा तयार होणार आणि त्या नकाशातून जाणारी वाट म्हणजे शेवटची किल्ली.

आता मागे जाऊ. ‘डेस्टिनी’ बनवणाऱ्या बंजी या कंपनीचा आधीचा गाजलेला खेळ म्हणजे ‘हेलो’. जुलै २००४मध्ये अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत ‘हेलो २’ची जाहिरात झळकली आणि तिच्या शेवटी क्षणभर एका संकेतस्थळाचा पत्ता चमकून गेला : आय लव्ह बीज. पत्त्यावर गेलं तर मधमाश्या पाळणाऱ्या एका बाईचं साधंसं पान, पण त्यात काहीतरी घुसलेलं, अर्धवट वाक्यं, उलटी मोजणी. हे सगळं ४२ एंटरटेनमेंट या कंपनीने रचलं होतं. जॉर्डन वाइसमन, एलन ली, जेन मॅकगॉनिगल ही त्यातली ठळक नावं. मग एक यादी आली : अक्षांश-रेखांशांच्या २१० जोड्या आणि सोबत वेळा. बाकी एक अक्षरही नाही.

काय करायचं हे कुणी सांगितलेलं नव्हतं. लोकांनी त्या अक्षांश-रेखांशांवरून नकाशे काढले, तारखांमध्ये अर्थ शोधला, भलत्याच तर्कांमागे दिवस घालवले. शेवटी काहीजण थेट त्या जागांवर जाऊन उभे राहिले, तेव्हा उलगडा झाला की बहुतेक ठिकाणी जवळपास सार्वजनिक फोन आहे. आपल्याकडच्या पीसीओची आठवण यावी असा, फक्त हा उलटा वाजणार होता. २४ ऑगस्ट २००४ला फोन वाजायला लागले. उचलणाऱ्याला एका नभोनाट्याचा तुकडा मिळायचा. तो इतरांना सांगितला तरच पुढची कथा कळणार. फ्लोरिडात चक्रीवादळ येऊन ठेपलेलं असताना एक खेळाडू फोनपाशी थांबून राहिला, हा किस्सा आजही सांगितला जातो. मला त्याच्या धाडसापेक्षा त्यामागचं कारण महत्त्वाचं वाटतं : तो फोन चुकला असता तर तुकडा एकट्याचा नाही, सगळ्यांचाच गेला असता.

तीच कल्पना २०२०मध्ये षटकोन होऊन परत आली. माहितीचे तुकडे करायचे, ते अनोळखी माणसांच्या हाती द्यायचे आणि ती एकमेकांना शोधतात का ते पाहायचं.

मधल्या काळात इतरांनीही ही वाट चोखाळली. ‘एलिट डेंजरस’ या आकाशगंगेत भटकण्याच्या खेळात २०१५मध्ये एक परग्रही वस्तू सापडली. ती गुरगुरायची आणि मधूनच टकटक आवाज काढायची. खेळाडूंनी ती टकटक ध्वनिमुद्रित करून कान देऊन ऐकली, तर तो मोर्स कोड निघाला आणि त्यात जवळच्या ग्रहा-ताऱ्याचं नाव होतं. इथे तारायंत्राची भाषा जाणणारा कुणीतरी लागला, ध्वनीचा आलेख वाचणारा लागला, महिनोन्‌महिने नुसतं भटकून नोंदी ठेवणारेही लागले.

बंजीचा स्वतःचा आधीचा प्रयोग मात्र फसला, आणि पार्श्वभूमी म्हणून तो महत्त्वाचा आहे. जानेवारी २०१९मध्ये ‘नायोबी लॅब्ज’ नावाचं सात पातळ्यांचं कोडं आलं. ते सुटलं की सगळ्यांसाठी नवी भट्टी, म्हणजे खेळायची नवी जागा, उघडणार होती. सहा पातळ्या पार झाल्या, सातवीवर जग अडलं. कोडी सोडवण्यात ज्यांना रस नव्हता तेही दाराबाहेर ताटकळले. शेवटी बंजीने कोडं सुटायची वाट न पाहता भट्टी सर्वांना उघडून दिली. कोडं नंतर सुटलं. मोजक्या तरबेज मंडळींनी झगडायचं आणि बाकीच्यांनी बघत बसायचं, ही त्या रचनेतली खोट होती. पुढच्या वर्षीच्या भुलभुलैयात सामान्यातल्या सामान्य खेळाडूच्या हातीही एक तुकडा होता, तोही लागणारा. त्या फसलेल्या प्रयोगातूनच हे आलं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण दोन्ही शेजारी ठेवले की फरक डोळ्यांत भरतो.

त्या सहा दिवसांत प्रत्यक्षात काय चाललं होतं? मुख्यतः लेखनिकाचं काम. खेळाडू पडद्याचा फोटो पाठवायचा, दुसरं कुणीतरी तो पाहून चिन्हं त्यांच्या इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांत उतरवायचं : बी म्हणजे कोरी, सी किलवर, डी चौकट, एच षटकोन, पी अधिक, एस साप. सहा चिन्हांच्या सात जागा म्हणजे २,७९,९३६ शक्यता, त्यामुळे दोन बाजू योगायोगाने जुळणं अवघड. जुळल्या तर बहुधा खऱ्याच शेजारी. हे नकाशाचं बळ, आणि हीच त्याची नाजूक नस. एका बाजूत एक अक्षर चुकलं की तो तुकडा अनाथ. अंधूक फोटोत षटकोन कोणता आणि चौकट कोणती? बोलून सांगताना बी, सी, डी, पी यांचा उच्चार तर एकाच यमकातला. म्हणून एकच तुकडा वेगवेगळ्या माणसांकडून उतरवून ताडून पाहायचा, प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी जोड्या लावायच्या, आणि जिथे नकाशा फाटतो तिथे मूळ फोटो पुन्हा काढायचा. तेच तुकडे पुन्हा पुन्हा यायचे आणि हवे ते यायचे नाहीत. मग ज्यांनी कधी असलं काही केलं नव्हतं, त्यांनाही हाका गेल्या : तुमचा तुकडा पाठवा.

२० जानेवारीला नकाशातून आरपार वाट सापडली. चिन्हं ३०. ती किल्ली सर्वांना चालणारी होती, त्यामुळे एकही तुकडा न दिलेले खेळाडूही ती समोर ठेवून तीच वाट चालून गेले.

शेवटी मिळाली ‘बॅशन’ नावाची बंदूक मिळवण्याची मोहीम. ती थोड्याच दिवसांत सगळ्यांना आपोआप मिळणारच होती, म्हणून बरेचजण नाराज झाले. सहा दिवसांची झोप घालवून हेच का, हा त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. पण बंदूक फक्त सोडवणाऱ्यांनाच मिळाली असती, तर तुकडा लपवून ठेवण्यात फायदा झाला असता, आणि एकाने जरी लपवला तरी नकाशाला भोक पडलं असतं. मला वाटतं, बक्षीस किरकोळ होतं म्हणूनच तुकडे इतक्या मोकळ्या हाताने दिले गेले.

मार्च २०२०मध्ये ‘सीझन ऑफ डॉन’ संपला आणि पुढचा सीझन सुरू झाला. जानेवारीत जुळवलेल्या त्या ३० चिन्हांनी उघडायचं दार त्याआधीच हजारोंनी उघडून पाहिलं होतं.