मॅकबेथचं भूत आणि हिशेबनिसाची वही

महत्त्वाकांक्षा माणसाला कुठवर नेते आणि वर पोचल्यावर त्याचं मन त्याला कसं खातं, हा अभिजात साहित्यातला फार जुना विषय. त्या चढणीत पायाखाली कोण तुडवलं गेलं, हा प्रश्न मात्र त्यात बराच उशिरा शिरला.

राजाचा खून करून गादी बळकावणाऱ्या सरदाराचं शेक्सपिअरचं नाटक ‘मॅकबेथ’ १६०६ च्या सुमाराचं. आदल्याच वर्षी लंडनमध्ये पार्लमेंट दारूगोळ्याने उडवून राजा पहिल्या जेम्सला मारण्याचा कट उघडकीला आला होता. कथानक शेक्सपिअरने होलिनशेड या इतिहासकाराच्या बखरीतून उचललं आणि त्यात सोयीस्कर फेरफार केले. बखरीतला बॅंक्वो, मॅकबेथचा मित्र, राजाच्या खुनात सामील आहे, नाटकातला निर्दोष. कारण जेम्स स्वतःला बॅंक्वोचा वंशज म्हणवत असे. बखरीतला मॅकबेथ गादीवर आल्यावर दहा वर्षं चांगला कारभार करतो. नाटकाने ती दहा वर्षं गाळली. राजहत्या केली की झोप उडालीच पाहिजे, हे कोणत्याही राजाला आवडणारं मानसशास्त्र आहे! मॅकबेथची टोचणी त्याने मारवलेल्या बॅंक्वोचं भूत होऊन भर मेजवानीत त्याच्याच जागेवर येऊन बसते, आणि तो प्रसंग आजही अंगावर येतो. पण खून झाला तो राजाचा, मित्राचा, सरदाराच्या बायकामुलांचा. प्रजेचे हाल आपल्याला कळतात ते बहुतेक सरदारांच्या तोंडून.

पुढच्या दोन शतकांत मोठं होण्याची वाट तलवारीकडून पैशाकडे वळली. पैसा लांबून येत होता, त्यामुळे घरात रक्त दिसत नव्हतं. जेन ऑस्टिनच्या ‘मॅन्सफील्ड पार्क’मध्ये (१८१४) सर थॉमस या इंग्रज जमीनदाराची काही मालमत्ता कॅरिबियनमधल्या अँटिग्वा बेटावर आहे. त्याच्या घरी वाढलेली भाची फॅनी त्याला गुलामांच्या व्यापाराबद्दल विचारते आणि खोलीत कोणी अवाक्षर काढत नाही. ब्रिटनने हा व्यापार १८०७ साली बंद केला होता, पण वसाहतींतली गुलामी संपवायला १८३३ चा कायदा यावा लागला. तेव्हा सरकारने दोन कोटी पौंडांची भरपाई ठरवली, ती मालकांना. गुलामांच्या हाती छदामही पडला नाही.

हिशेबातली ही उलटी तऱ्हा सर्वांत नेमकी पकडली रशियन लेखक गोगोलने. रशियात जमीनदाराला आपल्या पुरुष भूदासांवर, म्हणजे जमिनीला बांधलेल्या, मालकीच्या शेतकऱ्यांवर, डोईपट्टी भरावी लागे. शिरगणती काही वर्षांनी एकदा होई, त्यामुळे दरम्यान मेलेले लोक कागदावर जिवंतच राहत आणि त्यांचा कर चालू राही. ‘मृत आत्मे’ (१८४२) या कादंबरीतला चिचिकोव नेमके हेच मेलेले भूदास विकत घेत गावोगाव फिरतो. त्यांना जिवंत दाखवून तारण ठेवायचं आणि कर्ज उचलायचं, हा त्याचा बेत. सोबाकेविच नावाचा जमीनदार माणशी शंभर रूबल मागतो आणि मालाची तारीफ सुरू करतो: हा गाड्या बनवणारा, तो सुतार, हा चांभार, असे कारागीर शोधून सापडायचे नाहीत. घासाघीस होऊन सौदा अडीच रूबलांवर पटतो. कोरोबोच्का ही विधवा आणखी इरसाल. तिला पाप वगैरे काही वाटत नाही. मेलेल्यांचा बाजारभाव माहीत नाही आणि आपण स्वस्तात फसू, एवढीच तिची धास्ती. शेवटी भाव विचारायला ती शहरात येते आणि चिचिकोवचं बिंग फुटायला हातभार लावते.

मला यातला सर्वांत मोलाचा वाटतो तो सातव्या प्रकरणातला प्रसंग. चिचिकोव खरेदीखतं लिहायला बसतो. याद्यांमधली नावं वाचता वाचता त्याचं मन भरकटतं: हा सुतार कसा मेला असेल, उंचावरून पडून? हा चांभार दारूपायी गेला का? तेवढ्यापुरता तो माणसासारखा विचार करतो आणि मग कपडे करून कचेरी गाठतो. गोगोलला दुसऱ्या भागात त्याचा कायापालट घडवायचा होता. तो काही मनासारखा उतरेना. फेब्रुवारी १८५२ मध्ये त्याने हस्तलिखित जाळलं आणि थोड्याच दिवसांत तो वारला.

भूदासपद्धत १८६१ साली रद्द झाली. ‘गुन्हा आणि शिक्षा’ ही कादंबरी १८६६ ची, म्हणजे नव्या, रोकड्या रशियाची. दस्तयेव्स्कीचा नायक रास्कोल्निकोव गुत्त्यात एका विद्यार्थ्याचा युक्तिवाद ऐकतो: एका निरुपयोगी सावकारणीचा जीव एका पारड्यात, तिच्या पैशांनी वाचणारे कितीतरी जीव दुसऱ्यात, हे साधं गणित आहे. ते त्याच्याही डोक्यात घोळतच असतं. शेवटी तो त्या सावकारणीचा खून करतो, पण त्याच वेळी म्हातारीची बहीण लिझावेता अचानक घरी येते आणि तीही मारली जाते. ती भोळी, राबणारी बाई कोणत्याच पारड्यात धरलेली नव्हती. लुटलेली थैली तो न उघडताच एका दगडाखाली पुरतो. तीत तीनशे सतरा रूबल होते हे त्याला माहीतच नाही, याचं न्यायाधीशांना नवल वाटतं. माझ्या मते त्याचा पश्चात्ताप कबुलीच्या कितीतरी आधी, या न मोजलेल्या पैशांत सुरू होतो.

इंग्रजीत लिहिणारा कादंबरीकार जोसेफ कॉनराड १८९० मध्ये आफ्रिकेतल्या काँगो नदीवर आगबोटीच्या नोकरीला गेला. तो मुलूख तेव्हा बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याची जवळजवळ खाजगी जहागीर होता. १८९९ मध्ये मासिकातून आलेल्या ‘हार्ट ऑफ डार्कनेस’ या त्याच्या कथेत हस्तिदंत गोळा करणारा कंपनीचा माणूस कर्ट्झ याचीच चर्चा फार होते, पण लक्षात राहतो तो कंपनीचा हिशेबनीस. कडक इस्त्रीची कॉलर, वह्या अगदी चोख. पन्नासेक फुटांवर झाडीत राबून खंगलेले मजूर मरायला टेकलेले. खोलीत आणून टाकलेल्या आजारी माणसाचं कण्हणं त्याला खुपतं, कारण त्याने बेरजेत चूक होते.

गंमत म्हणजे लिओपोल्डचं पितळ उघडं पडलं तेही कागदपत्रांतूनच. एडमंड मोरेल हा लिव्हरपूलच्या जहाज कंपनीतला कारकून. अँटवर्पच्या धक्क्यावर त्याने पाहिलं, की काँगोहून जहाजं रबर आणि हस्तिदंताने भरून येतात, जाताना मात्र बहुतांशी बंदुका आणि काडतुसं नेतात. मालाच्या मोबदल्यात तिकडे काही जातच नव्हतं. म्हणजे मजुरी सक्तीची, असं अनुमान त्याने काढलं. ब्रिटिश वाणिज्यदूत रॉजर केसमेंटने काँगोत प्रत्यक्ष फिरून लिहिलेला अहवाल १९०४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी दोघांच्या पुढाकाराने काँगो सुधारणा संघटना निघाली आणि १९०८ मध्ये लिओपोल्डला काँगो बेल्जियम सरकारकडे सोपवावा लागला.

नायजेरियन लेखक चिनुआ अचेबेने १९७५ च्या एका व्याख्यानात कॉनराडवर कडक टीका केली: या कथेत आफ्रिकी माणूस जवळपास बोलतच नाही, एका गोऱ्याची अधोगती दाखवायला अख्खा खंड नेपथ्यासारखा वापरला आहे. हा आक्षेप मागे अँटिग्वापर्यंत आणि सोबाकेविचच्या सुतारापर्यंत लागू पडतो. अचेबेच्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ या कादंबरीच्या (१९५८) अखेरीस ब्रिटिश अधिकारी तिचा नायक ओकोंक्वो याच्या आत्महत्येवर आपल्या नियोजित पुस्तकात एक प्रकरण, निदान बरासा परिच्छेद तरी लिहिता येईल, असा विचार करतो. वाचकाने तोवर चोवीस प्रकरणं ओकोंक्वोच्या माणसांत काढलेली असतात.