स्काउट चळवळीतील स्की-शिक्षण

बर्फ पडणाऱ्या देशांतील स्काउट आणि गाईड पथके हिवाळ्यात आपल्या मुलामुलींना स्कीइंग शिकवतात, त्या शिक्षणपद्धतीची ही नोंद आहे. तिच्यात दोन वेगळ्या विद्या येतात. डोंगरउतारावरून घसरत खाली येणे म्हणजे उतारावरचे किंवा अल्पाइन स्कीइंग. रानवाटा, शेते आणि गोठलेली तळी ओलांडत स्कीवर चालत जाणे म्हणजे क्रॉस-कंट्री किंवा नॉर्डिक स्कीइंग. व्यावसायिक स्की शाळेत मूल मुख्यतः उतरायला शिकते. स्काउट पथकात परीक्षकासमोर नुसते उतरून दाखवणे पुरत नाही. हवे तिथे थांबता आले पाहिजे, पडल्यावर आपले आपण उठता आले पाहिजे, सोबत्याचे बोट थंडीने पांढरे पडले तर काय करायचे आणि काय मुळीच करायचे नाही हेही सांगता आले पाहिजे.

पूर्वपीठिका

बर्फावर लाकडी पट्ट्या बांधून चालण्याची रीत उत्तर युरोपात हजारो वर्षांची आहे. शिकवायची विद्या म्हणून ती बरीच अलीकडची. नॉर्वेच्या टेलेमार्क भागातील मॉर्गेडालचा सोंद्रे नॉरहाइम (१८२५–१८९७) याने टाचेभोवतून जाणारी पकड वापरून वळणे आणि उड्या घेण्याची रीत लोकप्रिय केली. ऑस्ट्रियात सेंट आंटोन गावच्या हानेस श्नायडरने (१८९०–१९५५) शिकवण्याचा क्रम लावून दिला : आधी पाचर (पट्ट्यांची पुढची टोके जवळ, मागची लांब), मग पाचरीतून वळण, शेवटी दोन्ही पट्ट्या समांतर. १९३८ मध्ये नाझींनी त्याला अटक केली. १९३९ मध्ये तो अमेरिकेतील न्यू हॅम्पशायरमध्ये आला, पण त्याच्या शिष्यांनी ही पद्धत त्याच्याआधीच तिकडे पोचवली होती. आजचा स्काउट उतारावर ज्या पायऱ्यांनी शिकतो, त्या बहुतांशी याच.

स्काउट चळवळीचे संस्थापक रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी १९०७ च्या ऑगस्टमध्ये ब्राउनसी बेटावर भरवलेले पहिले शिबिर उन्हाळ्यातले, तंबूतले होते. पण ‘वाचून नव्हे, करून शिका’ हा चळवळीचा खाक्या बर्फालाही लागू पडला आणि थंड देशांत पथकांचा हिवाळी कार्यक्रम उभा राहिला.

अमेरिकेतील प्रावीण्य बॅज

या शिक्षणाचे सर्वांत रेखीव रूप अमेरिकेत आढळते. १९१० मध्ये स्थापन झालेली बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका ही संस्था २०२५ पासून ‘स्काउटिंग अमेरिका’ या नावाने ओळखली जाते, आणि तिच्या ११ ते १७ वर्षांच्या गटात २०१९ पासून मुलींचीही पथके आहेत. या गटासाठी शंभराहून अधिक विषयांचे ‘मेरिट बॅज’ आहेत. त्यांतला पूर्वीचा ‘स्कीइंग’ बॅज आता ‘स्नो स्पोर्ट्स’ झाला आहे. उतारावरचे स्कीइंग, क्रॉस-कंट्री, स्नोबोर्ड आणि बर्फबूट (बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायच्या रुंद चौकटी) घालून चालणे या चारांपैकी एक मार्ग मुलाने निवडायचा असतो. ‘ईगल’ या सर्वोच्च पदवीला २१ बॅज लागतात, पण सक्तीच्या यादीत हा नाही. म्हणजे जो घेतो तो हौसेने घेतो.

कोणताही मार्ग घेतला तरी सुरुवात एकच. थंडीतले धोके, प्रथमोपचार, कपडे, उतारावरची खुणांची भाषा आणि जबाबदारीचे नियम यांची तोंडी परीक्षा होते. बॅजची परीक्षा घेणारा समुपदेशक प्रौढ आणि नोंदणीकृत असतो. मुलाने त्याच्याकडे एकट्याने जायचे नाही, सोबत एक जोडीदार हवाच, असा दंडक आहे. उतारावर हेल्मेट सक्तीचे. बॅजच्या कसोट्यांत गुण किंवा टक्केवारी नसते; सांगितलेली गोष्ट करता येते किंवा येत नाही, एवढेच पाहिले जाते. आपल्याकडच्या परीक्षांच्या सवयीत वाढलेल्या पालकांना हे सुरुवातीला थोडे सैल वाटते. प्रत्यक्षात ते अधिक कडक आहे, कारण ३५ गुणांवर सुटायची सोय इथे नाही.

उतारावरचे स्कीइंग

पहिला धडा बूट घालण्याचा. प्लास्टिकचा कडक, जड बूट घोट्याला फारसे वाकू देत नाही. त्यात पाय घातल्यावर नडगी बुटाच्या पुढच्या जिभेला टेकली पाहिजे. मोजा एकच, आणि त्याला घडी पडलेली चालत नाही. ती घडी तासाभरात कातडी सोलून काढते. मग बूट पट्टीवर बसवायचा. नवख्यांचे इथेच घोडे अडते. तळव्याला चिकटलेला बर्फ काठीने खरवडून काढला नाही तर टाच कितीही दाबली तरी खटका लागत नाही, आणि मुलाला वाटते की यंत्रच बिघडले.

हा खटका म्हणजे बाइंडिंग. पडताना पायाला धोकादायक पीळ बसू लागला की त्याने बूट सोडून द्यावा अशी त्याची रचना असते. किती जोराला सोडावा याचा आकडा ठरावीक मानकानुसार वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि स्कीअरचे कौशल्य यांवरून ठरतो. आकडा फार कमी ठेवला तर पट्टी भलत्या वेळी निसटते, फार जास्त ठेवला तर पाय मोडतो. म्हणून तो दुकानातल्या प्रशिक्षित माणसाने लावायचा; मुलाने फक्त त्याचा अर्थ समजून घ्यायचा.

नंतर काठ्यांशिवाय, जवळजवळ सपाट जागी सराव सुरू होतो. पट्ट्यांची पुढची टोके जवळ आणि मागची लांब करून पाचर केली, गुडघे किंचित आत घेतले, की आतल्या कडा बर्फात रुततात आणि वेग मरतो. अमेरिकेतले शिक्षक लहान मुलांना ओरडून सांगतात, ‘पिझ्झा!’ म्हणजे पाचर करा, आणि ‘फ्रेंच फ्राइज!’ म्हणजे पट्ट्या समांतर सोडा. शास्त्र समजायच्या आधी पाय समजतात. पाचरीत असताना एका पायावर भार दिला की वळण आपोआप येते, आणि तेही विरुद्ध बाजूला : उजवा पाय दाबला तर स्कीअर डावीकडे वळतो. वळणात बाहेरच्या पट्टीवर भार, हा नियम नवशिक्यापासून ऑलिंपिकपटूपर्यंत एकच आहे. भीती वाटली की शरीर मागे, डोंगराकडे झुकते. तसे झाले की पुढच्या टोकांवरचा भार सुटतो आणि पट्ट्या ऐकेनाशा होतात. उताराच्या भीतीवर उपाय उताराकडेच झुकण्याचा, हे पटायला प्रत्येक मुलाला आपापला वेळ लागतो.

बॅजसाठी सरळ घसरणे, पाचरीने थांबणे, पाचरीची वळणे, उतार आडवा कापणे, समांतर पट्ट्यांची वळणे आणि दोन्ही पट्ट्या एकदम आडव्या करून झटक्यात थांबणे हे सगळे दाखवावे लागते. चढण्याच्या दोन रीती येतात. एक आडव्या पायऱ्यांची. दुसरीत पट्ट्यांची मागची टोके जवळ, पुढची लांब. तिच्यामुळे मागे माशाच्या काट्यासारखी नक्षी उमटते. पडलेल्याने उठताना पट्ट्या शरीराच्या खालच्या अंगाला, उताराला आडव्या आणायच्या. त्या खाली तोंड करून असतील तर उभे राहताच माणूस पुन्हा निघाला.

लिफ्ट हा वेगळाच धडा आहे. जगातली पहिली खुर्चीची लिफ्ट १९३६ मध्ये आयडाहो राज्यातील सन व्हॅलीत सुरू झाली. केळ्यांचे घड जहाजावर चढवणाऱ्या यंत्रावरून एका रेल्वे अभियंत्याला ती सुचली. खुर्ची थांबत नाही. दोन्ही काठ्या एका हातात घेऊन मागे वळून पाहत बसायचे, आडवा दांडा खाली ओढायचा आणि वर पोचताना पट्ट्यांची टोके उचलायची. उतरल्यावर तिथेच रेंगाळायचे नाही, कारण पुढची खुर्ची येतच असते.

क्रॉस-कंट्री

मुलांचा ओढा अर्थातच उताराकडे असतो. तरी स्काउटिंगच्या स्वभावाला क्रॉस-कंट्री अधिक जवळचे आहे. लिफ्टचे महागडे तिकीट नको, गर्दी नाही, आणि पाठीवरची पिशवी, नकाशा, होकायंत्र, दिवसभराचे पाणी आणि डबा ही सगळी उन्हाळी पदभ्रमणाचीच सामग्री. संघाचा वेग सर्वांत हळू चालणाऱ्याच्या वेगाने ठरतो.

इथली पट्टी अरुंद आणि हलकी असते. बूट फक्त चवड्याशी अडकवलेला; टाच मोकळी सुटते. पट्टीला मधोमध कमान असते आणि सगळी गंमत तिच्यात आहे. घसरताना भार दोन्ही पायांवर वाटला जातो, तेव्हा कमानीखालचा भाग बर्फाला जेमतेम लागतो. एका पायावर पूर्ण भार देऊन रेटा दिला की कमान दबते आणि मधला भाग बर्फ पकडतो. त्या भागाला पकडीचे मेण लावतात किंवा तिथे खवल्यांसारखे खाचे पाडलेले असतात. टोकांना घसरणीचे मेण. मापाची पट्टी निवडताना एक सोपी चाचणी करतात. सपाट फरशीवर दोन्ही पट्ट्यांवर उभे राहायचे आणि दुसऱ्याने पायाखालून कागद सरकवून पाहायचा. दोन्ही पायांवर भार असताना कागद मोकळा सरकला आणि एकाच पायावर भार देताच अडकला, तर पट्टी त्या मुलाच्या वजनाची. कागद कधीच अडकला नाही तर पट्टी जास्त ताठ, कायम अडकला तर फार मऊ.

मुख्य चाल उजवा हात-डावा पाय अशी, नेहमीच्या चालण्याचीच, फक्त प्रत्येक पावलाला घसरणीची जोड. नवखे मूल पाय उचलून धपाधप टाकते आणि अर्ध्या तासात दमते; भार पूर्णपणे एका पायावर टाकून त्यावर तरंगायला जमले की अंतर भराभर कापले जाते. म्हणून जाणते शिक्षक सुरुवातीला काठ्या काढूनच घेतात. पुढे दोन्ही काठ्या एकदम मारून सरकणे, जागच्या जागी मागे वळणे, उतारावर पाचर, चढाला माशाच्या काट्याची चाल. बर्फावर स्केटिंगसारखे तिरके रेटे देत जाण्याची ‘स्केट’ पद्धत अमेरिकेच्या बिल कोचमुळे १९८० च्या दशकात शर्यतींत लोकप्रिय झाली; स्काउटांना मात्र आधी पारंपरिक चालच शिकवतात.

मिनेसोटातील ईली गावाजवळच्या स्काउटांच्या केंद्रात ‘ओकपिक’ नावाचा हिवाळी कार्यक्रम चालतो. मुले गोठलेल्या तळ्यांवरून स्कीने किंवा बर्फबूट घालून जातात आणि बर्फाच्या ढिगाऱ्यात स्वतः कोरलेल्या निवाऱ्यात रात्र काढतात.

धोके आणि नियम

थंडीत घाम हा शत्रू. चालताना अंग तापते, थांबल्यावर ओले कपडे उष्णता ओढून घेतात. सुती कपडा एकदा भिजला की लवकर वाळत नाही, म्हणून अंगालगत लोकर किंवा कृत्रिम धागा आणि वर सहज काढता-घालता येतील असे थर. शरीराचे तापमान ३५° से. च्या खाली गेले की हायपोथर्मिया सुरू होतो. त्याची पहिली लक्षणे सोबत्याला दिसतात : बोलणे अडखळते, चेन उघडता येत नाही, पाय ठेचकाळतात, उगाच चिडचिड होते. त्या मुलाला स्वतःला बहुधा काही झालेच नाही असे वाटत असते. हिमदंश झालेला भाग चोळायचा नाही, त्यावर बर्फ तर मुळीच घासायचा नाही. पडताना काठी मुठीत राहिली तर अंगठ्याच्या बुंध्याचा अस्थिबंध फाटतो. ही दुखापत इतकी नेहमीची की तिला ‘स्कीअरचा अंगठा’ असेच नाव पडले आहे. ताजा बर्फ अतिनील किरणांचा सुमारे ८० टक्के भाग परत फेकतो, त्यामुळे ढगाळ दिवशीही काळा चष्मा आणि मलम लागते.

उतारावरच्या नियमांत सर्वांत महत्त्वाचा हा : जो पुढे, म्हणजे खालच्या बाजूला आहे, त्याचा हक्क पहिला. मागून येणाऱ्याला सगळे दिसते, पुढच्याला दिसत नाही. थांबायचे ते वरून येणाऱ्याला दिसेल अशा जागी, आणि पुन्हा निघताना आधी वर पाहायचे. अमेरिकेत सोप्या उताराला हिरवे वर्तुळ, मध्यमाला निळा चौकोन, अवघडाला पत्त्यांतल्या चौकटसारखा काळा आकार अशी खूण असते. युरोपात रंगांची रीत वेगळी आहे, आणि तिथला लाल उतार अमेरिकी मुलाला नकाशावर ओळखीचा वाटत नाही. नॉर्वेच्या प्रसिद्ध पर्वतनियमांत वेळेवर माघारी फिरा, माघारीत लाज नाही, असे एक कलम आहे. स्काउट नेत्यांना ते मुलांपेक्षा जास्त लागू पडते, कारण ठरलेला बेत मोडायचा निर्णय त्यांनाच घ्यायचा असतो.

स्वित्झर्लंडमधील केंद्रे

बर्नीज ओबरलँडमधील कांडरश्टेग येथे १९२३ पासून आंतरराष्ट्रीय स्काउट केंद्र आहे. १९१३ मध्ये खुल्या झालेल्या लोचबर्ग बोगद्याच्या बांधकामातून मागे राहिलेली इमारत या कामी आली. १९३१ ची पहिली जागतिक रोव्हर (म्हणजे मोठ्या वयाच्या स्काउटांची) परिषद इथेच भरली. हे खोरे क्रॉस-कंट्रीच्या वाटांसाठी नावाजलेले आहे. शेजारच्या आडेलबोडेनला गर्ल गाईडचे ‘अवर शॅले’ १९३२ मध्ये उभे राहिले, त्याचा खर्च अमेरिकेच्या हेलन स्टोरो यांनी उचलला. निरनिराळ्या देशांची मुले इथे एकाच उतारावर पडतात, त्यामुळे भाषेची अडचण फारशी जाणवत नाही.

भारत

भारत स्काउट्स आणि गाईड्स ही संस्था ७ नोव्हेंबर १९५० रोजी स्थापन झाली. महाराष्ट्रातल्या शाळांत स्काउट म्हटले की गाठी, शिट्टीचे संकेत, शेकोटी आणि ‘खरी कमाई’ आठवते. बर्फ आठवायचे कारण नाही. संस्थेच्या साहस शिबिरांसाठी प्रसिद्ध असलेले पचमढी सातपुड्यात आहे, तिथेही बर्फ पडत नाही. स्कीइंग शिकायचे तर हिमालयातच जावे लागते. गुलमर्गला भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्था आहे, औलीला गढवाल मंडल विकास निगम अल्पमुदतीचे वर्ग घेते, मनालीच्या पर्वतारोहण संस्थेचे वर्ग सोलांगच्या उतारावर भरतात. खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा २०२० मध्ये लडाख आणि गुलमर्ग येथे सुरू झाल्या, आणि गुलमर्गच्याच परिसरात वाढलेला आरिफ खान २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये स्लॅलम आणि जायंट स्लॅलम या खांबांमधून वळत उतरण्याच्या शर्यतींत उतरला. क्रॉस-कंट्री भारतात कमी रुळले आहे. त्यात जगदीश सिंग २०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकला गेला होता.

मुंबई-पुण्याहून जाणाऱ्या मुलांच्या पथकाला थंडीइतकीच उंचीही जाचते. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे आणि तिथली गोंडोला (तारेवरून जाणारे बंद पाळणे) अफरवत डोंगराच्या अंगावर ३,९०० मीटरच्या पलीकडे नेते. म्हणून पोचल्याचा दिवस विश्रांती, भरपूर पाणी आणि सामान तपासण्यासाठी ठेवतात. दुसऱ्या दिवशी पाचर गोंडोलाच्या पायथ्याच्या सौम्य उतारावरच शिकवायची. डोके दुखते असे सांगणाऱ्या मुलाला त्या दिवशी वर न्यायचे नाही.