चालढकल (ऑनलाइन महाविद्यालयीन शिक्षणातील)

करायचे ठरवलेले काम, उशीर केल्यास नुकसान होईल हे ठाऊक असूनही, आपणहून पुढे ढकलणे म्हणजे चालढकल. मालवणी मुलखात त्यासाठी ‘फाल्या बघूया’ (उद्या बघू) एवढे दोन शब्द पुरतात. आळस निराळा. आळशाला काम करायचेच नसते. चालढकल करणाऱ्याला करायचे असते आणि न केल्याची टोचणीही लागलेली असते.

सॉलोमन व रॉथब्लम या मानसशास्त्रज्ञांच्या १९८४ च्या अमेरिकी पाहणीत सुमारे ४६ टक्के विद्यार्थ्यांनी सत्रनिबंध नेहमी किंवा बहुतेकदा लांबणीवर टाकत असल्याचे सांगितले. अपयशाची भीती आणि कामाचा तिटकारा ही त्यामागची प्रमुख कारणे. किम व सेओ या संशोधकांनी २०१५ मध्ये ३३ अभ्यासांतील ३८,५२९ विद्यार्थ्यांची माहिती एकत्र तपासली. चालढकल जास्त तिथे गुण कमी आढळले, मात्र हा संबंध सौम्य आहे.

ऑनलाइन शिक्षणात तासाची घंटा नसते आणि रेकॉर्ड केलेले व्याख्यान कधीही बघता येते. ‘स्वयम’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षण मंचावरील एनपीटीईएलच्या (आयआयटी व आयआयएससी यांचा दूरशिक्षण उपक्रम) १२ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात दर आठवड्याला असाइनमेंट असते. त्यांतल्या सर्वोत्तम ८ धरतात, त्यांना २५ टक्के आणि परीक्षेला ७५ टक्के भार. त्यामुळे पहिल्या चार बुडाल्या तरी गुण जात नाहीत. पाचवीपासून जाऊ लागतात, आणि तोवर न बघितलेल्या व्याख्यानांचा ढीग साचलेला असतो.

कोकणात सत्राचे वेळापत्रक घरच्या कामांना आडवे येते. पावसाळी सत्रात भातलावणी आणि गणपती, पुढच्या सत्रात शिमगा, पालखी आणि आंबा. देवगडकडे रात्री उशिरापर्यंत पेंढा घालून पेट्या भरणारी मुलगी व्हिडिओ उद्यावर टाकते, तेव्हा त्याला चालढकल म्हणणे अन्यायाचे आहे. मोबाइलच्या रेंजसाठी सड्यावर (गावावरच्या कातळमाळावर) चढावे लागणाऱ्यांचेही तेच. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली, मंडणगड, श्रीवर्धन भागांत कित्येक गावे दिवसेंदिवस अंधारात होती. महाविद्यालयाच्या पोर्टलवर मात्र सगळ्यांपुढे ‘उशिरा सादर’ एवढाच शेरा उमटतो. शिक्षकाने गुण कापण्याआधी उशिराचे कारण विचारायलाच हवे.

खऱ्या चालढकलीवर मुदतींची विभागणी उपयोगी पडते. एरिएली व वेर्टेनब्रोख या संशोधकांच्या २००२ च्या प्रयोगात समान अंतराने मुदती दिलेल्यांनी शेवटी एकच मुदत असलेल्यांपेक्षा काम सरस केले. स्वतः मुदती ठरवणारे या दोघांच्या मधे राहिले. कोकणातल्या महाविद्यालयाने अशा मुदती आखताना गणपतीचा आठवडा मोकळा सोडावा आणि त्याआधीच व्याख्याने डाउनलोड करून घ्यायला सांगावे.