पंचनाम्याची उलटतपासणी : गोव्यातील अमली पदार्थांचे खटले

अमली पदार्थ बाळगल्याच्या खोट्या आरोपातून अशील सोडवताना वकिलाला खरा गुन्हेगार हुडकून द्यावा लागत नाही. पंचनामा उसवावा लागतो. माल आरोपीच्या ताब्यात होता हे एकदा शाबीत झाले, की १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याची कलमे ३५ व ५४ गृहीतक त्याच्याविरुद्ध फिरवतात, म्हणजे निर्दोषत्व त्यालाच सिद्ध करावे लागते. त्यामुळे खरी झुंज त्याआधीच होते.

चरस १०० ग्रॅमपर्यंत अल्प मात्रा, १ किलोच्या वर व्यापारी मात्रा. व्यापारी मात्रेला १० ते २० वर्षे सक्तमजुरी, आणि कलम ३७ मुळे जामीनही दुरापास्त. म्हणून १ किलो १० ग्रॅम दाखवले असतील, तर माल वेष्टनासह तोलला का, हे आधी विचारतात. भेसळीचे वजन वजा करण्याचा युक्तिवाद मात्र २०२० पासून चालत नाही.

राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडतीचा कलम ५० खालचा हक्क अंगझडतीपुरता आहे. पाठीवरच्या पिशवीसाठी तो पुढे करणे फुकट. दोन आरोपींना मिळून या हक्काची एकच नोटीस दिली असेल, तर मात्र मुद्दा भक्कम.

हणजूण, हरमलसारख्या किनारी भागातल्या खटल्यांत भाषेची फट हमखास तपासावी. पंच कोकणी-मराठी बोलणारा आणि पंचनामा इंग्रजीत, असे असेल तर तो वाचून कोणी दाखवला, कोणत्या भाषेत? कागद टंकलिखित असेल तर छपाईयंत्र कुठून आणले, वीज कुठली? हाच पंच त्याच ठाण्याच्या आणखी किती खटल्यांत आहे, हे जुन्या दोषारोपपत्रांत सापडते.

मग मोहर. पाकिटावरचा ठसा, नमुना मोहर, मुद्देमाल नोंदवही, प्रयोगशाळेला पाठवलेले पत्र आणि तिचा अहवाल हे पाचही शेजारी ठेवून वाचावेत. याच कायद्याखालच्या २०२२ च्या नियमांनुसार नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर दोन-दोन काढायचे. चरसाचा प्रत्येकी किमान २४ ग्रॅम. नमुन्यांच्या या कार्यपद्धतीचे कलम ५२अ मोडले एवढ्यावरच सुटका होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केले. मोहर कोणाकडे राहिली, माल किती दिवस कुठे पडून होता, हेही जोडून दाखवावे लागते. गांजा सुकून थोडा घटतो, तेव्हा किरकोळ तफावतीवर भिस्त ठेवू नये.

बचाव बहुधा वकिलाच्याच तोंडून बुडतो. 'असे का केले?' विचारले की साक्षीदाराला भोक बुजवायची संधी मिळते. 'आरोपी तिथे नव्हताच' आणि 'पिशवी दुसऱ्याची होती' या दोन्ही सूचना (बचावाची बाजू म्हणून साक्षीदारापुढे ठेवलेली विधाने) एकाच साक्षीदाराला करणे त्याहून घातक. पोलिसांपुढच्या जबाबात नसलेली गोष्ट कोर्टातल्या साक्षीत आली, तर ती आधी साक्षीदारापुढे ठेवून पुढे तपास अधिकाऱ्याकडून शाबीत करून घ्यावी लागते. हा दुसरा टप्पा राहिला, तर पर्वरीच्या उच्च न्यायालयात अपिलाच्या वेळी त्या मुद्द्याला किंमत उरत नाही.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या) कलम १०५ नुसार झडतीचे दृक्‌श्राव्य चित्रण बंधनकारक आहे. चित्रफितीतली वेळ आणि पंचनाम्यातली वेळ ताडून पाहिल्याशिवाय पंचाला पहिला प्रश्न विचारू नये.