ज्याचा वर्ग शून्य, ती संख्या

बारावीच्या पुस्तकात कलनशास्त्र इतके नीटनेटके दिसते की त्याच्या पायावरून कधी वाद झाला असेल, असे कोणाला वाटत नाही. प्रत्यक्षात १७३४ मध्ये तत्त्वज्ञ जॉर्ज बर्कली यांनी मांडलेला आक्षेप नेमका आणि बोचरा होता. क्ष² च्या बदलाचा दर काढताना आपण क्ष मध्ये अतिसूक्ष्म ध मिळवतो, २क्षध + ध² या वाढीला ध ने भागतो आणि उरलेल्या २क्ष + ध मधून ध सोडून देतो. भागताना जो शून्य नव्हता, तो सोडताना शून्य कसा झाला?

एकोणिसाव्या शतकात जर्मन गणिती वायरश्ट्रास यांच्या सीमेच्या काटेकोर व्याख्येने अतिसूक्ष्म संख्यांची गरजच संपवली. अब्राहम रॉबिन्सन यांनी १९६०च्या दशकात त्या तर्कशुद्ध रीतीने परत आणल्या. मात्र त्या पद्धतीने लिहिलेल्या केस्लर यांच्या पाठ्यपुस्तकावर १९७७ मध्ये रचनावादी एरेट बिशप यांनी कठोर टीका केली. एखादी संख्या ‘आहे’ म्हणायचे तर ती मिळवण्याची रीत दाखवावी लागते, ‘नसेल तर विसंगती येते’ एवढे पुरत नाही, ही रचनावाद्यांची भूमिका आहे.

यावरून अतिसूक्ष्म संख्या आणि रचनावादी तर्क यांचे वैरच आहे, असा समज झाला. तो मला मान्य नाही. कोणतेही विधान खरे असते किंवा त्याचा नकार खरा असतो, या मध्यमपरिहाराच्या नियमावर डच गणिती ब्राउवर यांनी १९०८ मध्येच बोट ठेवले होते. तो नियम बाजूला ठेवला की, गणिती लॉव्हिअर यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या कलनशास्त्राच्या मांडणीत ध² = ० असणाऱ्या संख्या थेट गृहीत धरता येतात. तेथील मूळ नियम असा, की अशा प्रत्येक ध साठी अध = बध असेल, तर अ = ब. आता असे सगळे ध शून्यच असते, तर १ध = ०ध नेहमी खरे ठरून १ = ० निघाले असते; म्हणून ‘सगळे ध शून्यच आहेत’ हे खोटे. उलट, एखादा ध शून्येतर असेल तर त्याने भागता येईल आणि ध² = ० वरून ध = ० निघेल; म्हणून एकही ध शून्येतर नाही. मध्यमपरिहार मान्य केला तर ही दोन विधाने परस्परविरोधी ठरतात, त्याविना दोन्ही सुखाने नांदतात. बर्कलींना खटकलेला भागाकारही लागत नाही: ध² शून्यच असल्याने वाढ २क्षध, म्हणून वरच्या मूळ नियमाने दर २क्ष.

‘गणितातही खरेखोटे ठरत नाही’ असे म्हणत कोणी याच्या आडून चमत्कार खपवू लागले, तर ती फसवणूक आहे. विसंगती येथेही तितकीच निषिद्ध आहे.

बिशप यांच्या वास्तव संख्यांत मात्र या ध ला जागा नाही. तेथे ध² = ० असेल, तर ध कोणत्याही धन अपूर्णांकापेक्षा लहान असल्याचे रचनात्मक रीतीनेच सिद्ध होते आणि तो शून्य ठरतो; त्यामुळे या संख्यांसाठी संख्यारेषाच नव्याने मांडावी लागते.